शाळांमध्ये आरोग्य क्षेत्रातल्या करिअरची ओळख करून देताना काय अडचणी येतात?

तुम्हाला तालुक्यातल्या शाळांमध्ये असा उपक्रम सुरू करायचाय आणि आधी अडचणी जाणून घ्यायच्यात, हे फार चांगलं. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावकडच्या शाळांत असे कार्यक्रम घेते. तिथे जे दिसतं तेच सांगते.

मुलांना गोडी लावावी लागत नाही. स्वतःची नाडी मोजून, मैदानाला एक फेरी मारून ती पुन्हा मोजायला सांगा, मग बघा. स्टेथोस्कोपसाठी रांग लागते आणि प्रश्न संपत नाहीत.

अडचण आहे ती वेळेची. बहुतेक जण दिवाळीनंतर दहावीच्या वर्गावर जातात. तेव्हा सराव परीक्षा तोंडावर असतात, मुख्याध्यापक जेमतेम एक तास देतात. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये नववीवर जा. अकरावीला जीवशास्त्र घेतलं नाही, तर पुढे बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळत नाही, आणि विषय निवडताना घरात हे कुणाला ठाऊकच नसतं.

दुसरं म्हणजे नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची धास्ती. ‘नीट निघाली नाही, आता मेडिकल लाइन संपली’ असं मुलं सरसकट धरून चालतात. एमबीबीएसला, फिजिओथेरपीला नीट लागते हे खरं. पण बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. कला शाखेतून बारावी झालेली मुलगीही जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका करू शकते. डायलिसिस, एक्स-रे, लॅब, ऑप्टोमेट्री (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं) ही कामं तर मुलांनी पाहिलेलीच नसतात, म्हणून ती करणारी माणसंच वर्गात आणावी लागतात. यात खरी दमछाक होते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी शाळेत बोलावू नये. महिन्याचा ड्युटी चार्ट लागण्याआधीच सिस्टरांशी बोलून त्याच्या सुट्टीचा वार धरा. त्यातही याच तालुक्यातला एखादा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स मिळाला तर सोडू नका. मुलगे त्याला मोकळेपणाने विचारतात, ‘पगार किती? लग्न जमतं का?’ हे ते मला विचारणार नाहीत.

पालकांसाठी वेगळी सभा ठेवली तर कुणी येत नाही. शाळेच्या पालकसभेतच वीस मिनिटं मागून घ्या. आयांचे प्रश्न हॉस्टेल आणि रात्रपाळीचे असतात. त्यांना स्पष्ट, खरी उत्तरं द्या.

आता ज्याचा मला मनापासून संताप येतो ते. निकाल लागला की एसटी स्टँडवर ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असे फलक लागतात. मुली फी भरतात, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच होत नाही हे नंतर कळतं. कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही, हे प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहा. आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांना जात पडताळणीचा अर्ज वेळेत करायला सांगा. त्यापायी हातातली जागा जाते.

मनुष्यबळ कमी असेल तर शाळांची संख्या कमी करा, पण दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात प्रत्येक शाळेत तुमचा एक माणूस बसलेला हवा.