उत्तर: एकूण साइटेशन भरपूर, एच-इंडेक्स लहान, आणि अर्ज परत

तुमचा प्रश्न वाचला. सौरभौतिकीत पोस्टडॉक, सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज, एका अवकाश-दुर्बिणीच्या उपकरण-पेपरवर (उपकरणाची माहिती देणाऱ्या शोधनिबंधावर) सहलेखक म्हणून नाव. आणि आस्थापना शाखेने 'साइटेशनच्या आकडेवारीत विसंगती' एवढाच शेरा मारून कागद परत पाठवलेले, आता काय करायचं? (साइटेशन म्हणजे इतर पेपरमध्ये झालेले आपल्या पेपरचे उल्लेख.) हाच शेरा मलाही मिळाला होता. विसंगती कशात आहे, हे त्या कार्यालयाने शेवटपर्यंत सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक), स्कोपस या साइटेशन-सूचीतलं प्रोफाइल हे तुम्ही केलेलंच असणार, ते सोडून देतो.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि एडीएस (खगोलभौतिकीच्या पेपरची ऑनलाइन सूची) यांचे आकडे जुळत नाहीत याची काळजी करू नका, ते कुणाचेच जुळत नाहीत. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा (छापण्याआधीचे मसुदे) मोजतं, स्कोपस निवडक प्रकाशनंच घेतं. अर्जभर एकच स्रोत वापरा आणि आकडा कोणत्या तारखेचा ते लिहा. खरी गोची उपकरण-पेपरची आहे.

उदाहरणार्थ, नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानावरच्या एआयए दुर्बिणीचा पेपर 2012 मध्ये 'सोलर फिजिक्स'मध्ये आला. एआयएची एखादी प्रतिमा वापरणारा प्रत्येक जण तो उद्धृत करतो, मग विषय ज्वाला असो, कोरोनातली (सूर्याच्या बाह्य वातावरणातली) वलयं असोत की फिलामेंट. अशा पेपरला हजारोंनी साइटेशन मिळतात, पण एच-इंडेक्समध्ये तो फार तर एकाची भर घालतो (एच 9 म्हणजे किमान 9 साइटेशन असलेले 9 पेपर). समजा तुमच्या 14 पेपरना मिळून 260 साइटेशन आहेत, एच 9 आहे, आणि उपकरण-पेपरला 3,000. एकूण झाले 3,260, एच 9 किंवा 10. छाननी समितीत रसायनशास्त्राचे किंवा गणिताचे प्राध्यापक असतील तर त्यांना ही जोडी संशयास्पदच वाटणार. त्यांचं चुकत नाही. आपल्या विषयात हे रोजचं आहे, पण ते त्यांना सांगायचं काम अर्जदाराचं.

म्हणून एक आकडा न देता तीन ओळींचा तक्ता द्या: प्रथम लेखक असलेले पेपर, सहलेखक असलेले विज्ञान-पेपर, आणि उपकरण किंवा मोहिमेचे पेपर. एडीएसमध्ये आडनावाआधी ^ हे चिन्ह दिलं की फक्त प्रथम लेखकाचे पेपर येतात. 'रेफरीड' (परीक्षकांनी तपासलेले) ही गाळणी लावा, तिन्ही गटांच्या वेगळ्या लायब्ररी, म्हणजे जतन केलेल्या याद्या, करा, त्या सार्वजनिक करा आणि दुवे अर्जात द्या. प्रत्येक लायब्ररीच्या मेट्रिक्स पानावर स्व-साइटेशन वेगळी दिसतात. 'नॉर्मलाइज्ड' साइटेशनही असतात, म्हणजे प्रत्येक पेपरची साइटेशन भागिले लेखकसंख्या. 45 लेखक असतील तर वरच्या 3,000 ची 67 होतात. हा आकडा स्वतःहून लिहा. पानाची पीडीएफ त्याच दिवशी ठेवा, कारण आकडे सतत बदलतात.

तिसरी ओळ लपवू मात्र नका. उपकरण बांधणं हे संशोधनच आहे. आदित्य-एल1 या सूर्ययानासाठी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, 11 फिल्टर, 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबी. अशा कामात कॅलिब्रेशन किंवा डेटा पाइपलाइनवर गेलेली वर्षं प्रथम-लेखक पेपरमध्ये दिसतच नाहीत. तुमची भूमिका दोन वाक्यांत लिहा: कोणती चाचणी केली, कोणता कोड तुमचा. 'संघाचा सदस्य' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचा (नियतकालिकातल्या पेपरना सरासरी किती साइटेशन मिळतात, त्या मापाचा) रकाना असेल तर भरा, पण आपल्या विषयाला ते माप लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे. ते दोन वर्षांच्या खिडकीवर चालतं आणि सौरचक्र साधारण 11 वर्षांचं असतं. सौरभौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांचा सौरवाऱ्यावरचा (सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहावरचा) 1958 चा पेपर दोन परीक्षकांनी नाकारला होता, संपादक आणि खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी तरीही तो छापला. मरिनर-2 यानाने सौरवाऱ्याची पक्की मोजमापं 1962 मध्ये दिली. दोन वर्षांच्या हिशोबात त्या पेपरची किंमत काय ठरली असती? पार्कर यांचा नॅनोफ्लेअरचा (अतिलहान सौरज्वालांचा) 1988 चा पेपरही एकट्याच्या नावावर आहे आणि कोरोना एवढा तापतो कसा, या चर्चेत आजही उद्धृत होतो. हे सगळं अर्जात लिहू नका, मुलाखतीत विषय निघाला तर सांगा.

सगळीकडे हे चालेलच असं नाही. काही संस्थांच्या फॉर्ममध्ये एकच रकाना असतो. तिथे एकूण आकडा लिहून 'तपशील जोडपत्रात' असं टाका आणि पोच घ्या. कार्यालय शेरा मारून कागद परत करत असेल तर कोणत्या रकान्यात आणि कोणत्या नियमाप्रमाणे विसंगती आहे, हे लेखी विचारा. तोंडी विचारलं की या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात आणि मुदत निघून जाते. मुदतीचं एवढं नुकसान करणाऱ्या शेऱ्याला कारण जोडणं कुणाला जड जाऊ नये.

आणखी एक. जोशी, पाटील, कुलकर्णी अशी आडनावं असली की एडीएस एकाच आद्याक्षराच्या सगळ्यांना एकत्र आणतं. तुमच्या काही पेपरवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे, काहींवर नाही, असंही होतं. लायब्ररी करताना यादी एकेक करून तपासा. प्रीप्रिंटचं शीर्षक छापताना बदललं असेल तर क्वचित दोन नोंदी राहतात आणि साइटेशन विभागली जातात. एडीएसच्या फीडबॅक फॉर्ममधून दोन्ही बिबकोड (नोंदींचे सांकेतांक) पाठवा, ते नोंदी जोडून देतात. हे अर्जाच्या आदल्या दिवशी करू नका, निदान महिनाभर आधी करा.