सायबर सुरक्षा हे आयटीचं काम की मालकाचं?

तुम्ही विचारलंय, कंपनीच्या धोरणात सायबर सुरक्षा कुठे बसते आणि वरच्या माणसांनी त्यात किती लक्ष घालावं. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ११ वर्षं आयटी सांभाळलं. माझ्या मते, साहेब स्वतःसाठी नियमातून सूट मागतात त्या दिवशी धोरण ठरून जातं. फायलीत मग काहीही लिहा.

२०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये विषय काढला होता. "आपण काय बँक आहोत?" म्हणाले आमचे फायनान्सवाले काका, तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. तरी मी चिवटपणे सगळ्यांच्या मेलला ओटीपी लावून घेतला. एमडी साहेबांचा फोन आला, "माझ्यावरून ते काढ रे, परदेशात रेंज नसते." काढलं. बडोद्यातला मराठी माणूससुद्धा शेवटी 'चालशे' म्हणायला शिकतोच.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी काकांना साहेबांचा मेल आला: इटलीच्या पुरवठादाराचं खातं बदललंय, अ‍ॅडव्हान्स आजच पाठवा. मेल बनावट पत्त्यावरून नव्हता, साहेबांच्याच खात्यातून होता. कुणीतरी महिनाभर आत बसून पत्रव्यवहार वाचत होतं. पुरवठादाराचे खरे मेल साहेबांना दिसू नयेत म्हणून त्याने एक नियम लावून ते आरएसएस फीड्सच्या, म्हणजे वेबसाइटवरच्या बातम्या साठवायच्या, फोल्डरमध्ये वळवले होते. तो फोल्डर उघडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. काकांनी ३१ लाख पाठवले. सोमवारी गणपती बसले, बुधवारी इटलीहून फोन आला, पैसे कुठे आहेत म्हणून. बँकेने परत मागवायचा प्रयत्न केला, पण तिकडचं खातं तोवर रिकामं झालं होतं.

काकांनी साहेबांना एक फोन का केला नाही? कारण आमच्याकडे साहेबांना उलट विचारायची पद्धतच नव्हती. यावर कुठलं सॉफ्टवेअर लावणार? चौकशीत मात्र काका म्हणाले, "आयटीची सिस्टीम कच्ची होती." साहेब गप्प बसले. मीही गप्प बसलो, कारण सूट तोंडी दिली होती.

म्हणून सांगतो, सूट हवी असेल तर लेखी घ्या, सहीनिशी. सही मागितली की अर्ध्या सवलती आपोआप गळतात. बँक खातं बदलायचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. आणि तो फोन करणाऱ्यावर कुणी ओरडणार नाही, हे मालकाने चारचौघांत सांगायचं. ते आयटीवाल्याने सांगून कुणी ऐकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते, लॉग, म्हणजे सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. ६ तासांत "कळवू की नको" हे कोण ठरवणार? माझ्या पगाराचा माणूस नाही ठरवत. आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे हा विषय साहेबांच्या टेबलावरचाच आहे, काका.

हां, पाच माणसांचं दुकान असेल तर एवढं नको, ओटीपी आणि वेगळी ठेवलेली बॅकअप डिस्क पुरे. आणि चूक माझीही होती, मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं.

काका आता निवृत्त आहेत. परवा दांडिया बाजारात सेव-उसळीच्या गाडीवर भेटले, म्हणाले, "पण तुमची सिस्टीम कच्चीच होती हं." साहेबांच्या मेलवर आता ओटीपी आहे. तो येतो ड्रायव्हरच्या फोनवर.