वाईनऐवजी बिअर ठेवली तर चालेल का?

प्रश्न : घरी आठ जणांना जेवायला बोलावलंय. तिखट चिकन, तळलेले मासे आणि शेवटी चॉकलेट केक असा बेत आहे. नवऱ्याचं म्हणणं वाईन आण, बिअर ठेवली तर बरं दिसत नाही. खरं सांगायचं तर आमच्यात वाईन कोणालाच फार आवडत नाही, सगळे बिअरवाले. काय करू?

उत्तर : ताई, बरं दिसण्याचं राहू दे, तुमचा बेत वाचूनच मी बिअरच्या बाजूला आलो. कडक चहा प्यायल्यावर जीभ कशी खरखरीत होते, ते टॅनिन. रेड वाईनमध्ये ते भरपूर असतं आणि तिखटावर ते आलं की तोंड अजूनच भाजतं, त्यात वाईनमधलं १३-१४ टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत तेलच. माशांसोबत तर वेगळीच गंमत, रेड वाईनमधल्या लोहाची आणि माशाच्या तेलाची गाठ पडली की नको तो उग्र वास तोंडात येतो. व्हाईट वाईन चालते, पण ती तरी कोण पिणार तुमच्याकडे?

तळलेल्याचा घास खाल्ला की जिभेवर तेलाचा एक थर बसतो, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला चव बोथट होते ती त्यामुळेच. थंड बिअरचे बुडबुडे आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा तो थर धुऊन काढतात, मग पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. त्यामुळे माशांना पिल्सनर द्या. १८४२ मध्ये आताच्या चेक देशातल्या पिल्झेन गावात पहिल्यांदा बनली म्हणून हे नाव, हलकी सोनेरी आणि बेताची कडू.

पण चिकनला मात्र विचार करून. मी एकदा शहाणपणा करून झणझणीत जेवणासोबत आयपीए नावाची बिअर ठेवली होती, छान कडू हॉप्सवाली, आणि दोन घासात सगळ्यांचे कान लाल, कारण कडूपणा तिखट अजून चढवतो हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मग जो तो पाण्याचा जग ओढायला लागला आणि पाण्याने तर काहीच होत नाही, मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही ना. बिअरमध्येही मुख्य पाणीच, तेव्हा तिखट विझेल अशी आशा तिच्याकडूनही ठेवू नका, फक्त वाढवणारी नको एवढंच बघायचं. गव्हाची बिअर घ्या, कडूपणा अगदी कमी, थोडी गोडसर, आणि जर्मन पद्धतीची असेल तर यीस्टमुळे केळं आणि लवंगेसारखा वास येतो, तो मसाल्याशी मस्त जमतो.

केकला स्टाऊट, म्हणजे काळी बिअर. काळपट भाजलेल्या बार्लीमुळे तिला कॉफीसारखी चव असते, केकचा गोडवा अंगावर येत नाही. फक्त ती बर्फासारखी गार देऊ नका, अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, १०-१२ डिग्रीला तिची चव कळते. आणि फ्रीझरमध्ये गोठवलेले ग्लास हा प्रकार तर बंदच करा, जीभच बधिर झाली तर एवढं निवडून काय उपयोग!

प्रश्न : बिअर हलकी, त्यामुळे वाईनपेक्षा जास्त प्यायली तरी चालते ना?

उत्तर : ५ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत साडेसोळा मिली अल्कोहोल. १३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास घेतलात तर साडेएकोणीस. म्हणजे जवळपास बरोबरीच, आणि ५०० मिलीचा कॅन असेल तर २५, वाईनच्या पुढेच गेला. गाडी चालवणाऱ्याने दोन्हीकडे बघूच नये.

प्रश्न : चीजसोबत तरी वाईनच ना?

उत्तर : मीही तेच समजायचो. एकदा जुनं मुरलेलं चेडर, बाजूला रेड वाईन आणि ब्राऊन एल ही तपकिरी बिअर असं घेऊन बसलो. वाईनसोबत खारटपणा आणि टॅनिन एकमेकांवर आपटत होते, चीज तोंडात थोडं खडूसारखं झालं. एलचा घोट घेतला तर पावाच्या खरपूस कडेसोबत चीज खाल्ल्यासारखं वाटलं. त्यात नवल नाही म्हणा, पावाची कड भाजताना जी प्रक्रिया होते तीच बिअरसाठीचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, भाजताना होते, तिला मेयार्ड म्हणतात.

तरी वाईनला अगदीच मोडीत काढत नाही. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेलं चरबीवालं मटण असेल तर मी अजूनही रेडच घेतो, तिथे ते टॅनिन मांसातल्या प्रथिनांना चिकटतं आणि गुळगुळीत लागतं. शिवाय दोन ग्लास बिअरने पोट फुगतं आणि मटण तसंच उरतं.