वाचकांचे प्रश्न : जुने, भारी, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मोठ्या स्पीकरांबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

अमेरिकेहून परतलेल्या मामांनी अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-9 स्पीकरांची जोडी दिली. बाजूंना बसवलेल्या 12 इंची वूफरांभोवतीचा (वूफर म्हणजे खालचे सूर, बास वाजवणारा भाग) काळा फोम हात लावताच चुरा होतो. तसेच हळू आवाजात वाजवले तर चालेल का? फोम घरी बदलता येतो का? (ठाणे)

अजिबात वाजवू नका. कडेचा फोम गेला की कोनला (वूफरच्या शंकूला) मधोमध धरायला मागची स्पायडर, म्हणजे नालीदार कापडी चकती, तेवढी उरते. एखाद्या जोरदार ठेक्याला व्हॉइस कॉइल (कोनला जोडलेले तारेचे वेटोळे) तिरकी होऊन चुंबकाच्या फटीत घासली, तर फोमचे साधे काम कॉइल नव्याने गुंडाळण्यापर्यंत जाते. हा फोम हवेतल्या ओलाव्याने आणि प्राणवायूने आपोआप कुजतो, स्पीकर वाजला काय नि माळ्यावर पडून राहिला काय. 10 ते 20 वर्षे हे त्याचे आयुष्य. एआर-9 बाजारात आला 1978 मध्ये, त्यामुळे मूळचा फोम आजवर शाबूत असता तरच नवल होते.

घरी बदलता येतो, घाई मात्र नको. आधी वूफर बाहेर काढून त्याची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. 4 ओहमचा वूफर साधारण 3 ते 3.5 ओहम दाखवतो, 8 ओहमचा 5.5 ते 7. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली आहे, मग फोमचा विचार नंतर. कोनवर दोन्ही हातांची बोटे चारी बाजूंना सारखी टेकवून तो हलका आत दाबा. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासते आहे किंवा फटीत कचरा आहे.

फोम मागवताना फक्त ‘12 इंची’ म्हणून भागत नाही. बाहेरचा व्यास, आतला व्यास, गोलाईची रुंदी आणि फोम कोनला चिकटतो तिथला उतार, अशी चार मापे द्या. एआर-9 ची पेटी हवाबंद आहे. आतली हवाच स्प्रिंगचे काम करते, म्हणून कड मऊ लागते. टिकेल म्हणून रबराची कड बसवून देणारे कारागीर भेटतात. रबर जड आणि ताठ असते, त्याने वूफरचा मूळ अनुनाद (तो आपोआप जास्त थरथरतो तो सूर) बदलतो आणि बास आखडतो. फोमला फोमच घाला.

जुना फोम सोलून काढल्यावर कोनच्या कडेचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून बोथट सुरीने खरवडा. कोन कागदाचा आहे, एका जागी फार वेळ घासू नका. नवा फोम आधी कोनला चिकटवायचा, पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने. क्षणात चिकटणारा गोंद येथे घातक आहे, कारण फोम सरकवून मध्य साधायला वेळच मिळत नाही आणि वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. कोनकडचा जोड 24 तास वाळू द्या.

खरी कसोटी पुढच्या पायरीत आहे. फोमची बाहेरची कड फ्रेमला चिकटवताना कॉइल बरोबर मध्यावर हवी. त्यासाठी दोन मार्ग आहेत. डस्ट कॅप (कोनच्या मध्यावरची गोल टोपी) ब्लेडने अलगद कापून कॉइल आणि मधल्या लोखंडी खांबाच्या फटीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या चार सारख्या पट्ट्या समोरासमोर खोचणे, किंवा कॅप तशीच ठेवून वूफरला 30 हर्ट्झचा सूर अगदी कमी आवाजात देणे आणि खरखर थांबेपर्यंत फोम केसभर इकडेतिकडे सरकवणे. पहिल्यांदा करणाऱ्याने पट्ट्यांचा मार्ग धरावा, कॅप नंतर परत चिकटवता येते. मग कपड्यांच्या चिमट्यांनी कड दाबून आणखी 24 तास ठेवा.

वूफर परत बसवताना फ्रेमखालची जुनी सीलपट्टी कडक झाली असेल तर नवी लावा. स्क्रू आडवे-तिरके करत घट्ट करा, सगळा जोर एकाच स्क्रूवर देऊ नका. शेवटी एका बाजूचा वूफर हळूच आत दाबा. दोन्ही वूफर एकाच हवेवर चालत असल्याने पलीकडचा बाहेर यायला हवा आणि दाबून धरले असता सावकाशच परतायला हवा. तो झटकन परतला तर पेटीत कुठेतरी गळती आहे.

टॅनॉय आर्डन जोडीतल्या एका स्पीकरचा वरचा सूर मंद आहे. दुरुस्ती करणारा म्हणतो, क्रॉसओव्हरमधले (खालचे-वरचे सूर वेगळे करून वाटणाऱ्या सर्किटमधले) सगळे कपॅसिटर बदला. (पुणे)

आधी फुकटातली तपासणी करून घ्या. 1976 च्या आर्डनमध्ये समोरच ‘एनर्जी’ आणि ‘रोल ऑफ’ अशी दोन नियंत्रणे आहेत. त्यांचे संपर्क काळवंडले की ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) अर्धा झोपतो. अँप्लिफायर बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा आत मारा आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. बऱ्याच जोड्या एवढ्यावरच सुधारतात. नाही सुधारली तर अँप्लिफायरवर डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करून पाहा. मंदपणा त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा, दुसऱ्यात गेला तर अँप्लिफायरचा किंवा त्याच्याही मागचा. आर्डनच्या 15 इंची एचपीडी ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या भागाची) कडही फोमची असते, हात लागलाच आहे तर तीही बघून घ्या.

कपॅसिटरचेच काम निघाले तर एक पाय सुटा करून मोजा. जागेवर मोजलेला आकडा फसवा असतो. इलेक्ट्रोलायटिक जातीचे वाळून बिघडतात, फिल्म जातीचे सहसा नाही, त्यामुळे सरसकट बदलण्याचे कारण नाही. आणि ध्रुवीयता असलेला साधा इलेक्ट्रोलायटिक क्रॉसओव्हरमध्ये कधीही घालू नका, बायपोलर, म्हणजे ध्रुव नसलेलाच लागतो.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, सोनेरी अक्षरांचा कपॅसिटर मिळाला नाही म्हणून अडून बसायला नको. छताच्या पंख्याचा 440 व्होल्टचा कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो आणि ट्वीटरच्या वाटेवर उत्तम चालतो. आकाराने बोजड असतो, इतकेच. 2.5, 3.15 आणि 4 मायक्रोफॅरड सहज मिळतात. 6.8 च्या जागी 4 आणि 2.5 समांतर जोडले की 6.5 होतात, तूट साडेचार टक्क्यांच्या आत. इलेक्ट्रोलायटिक काढून फिल्म घातल्यावर आवाज टोचरा वाटला तर त्याच्याशी 0.2 ते 0.5 ओहमचा रोधक एकसरीत जोडा, कारण जुन्या कपॅसिटरचा तेवढा अंतर्गत रोध मूळ आखणीत धरलेला असतो. दोन्ही स्पीकरांत एकच बदल करा, नाहीतर गायक मध्यावरून सरकतो.

केईएफ 107 ची जोडी घेतली, पण बास जवळजवळ नाहीच. ड्रायव्हर तर ठीक दिसतात. (नाशिक)

त्यांच्यासोबतची ‘क्यूब’ नावाची पेटी मिळाली का? 107 चा खालचा बास या इक्वलायझरवर (सुरांचे प्रमाण बदलणाऱ्या उपकरणावर) अवलंबून आहे. ती प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधे किंवा टेप मॉनिटरच्या फेऱ्यात जोडायची असते. क्यूबशिवाय जोडी विकत घेणे म्हणजे डग्ग्याशिवाय तबला घेण्यासारखे. अमेरिकेतून आली असेल तर मागे लिहिलेला व्होल्टेज वाचा. 120 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, 50 व्हीएचा पुरतो. सरळ 230 वर लावलीत तर ती जळेल. क्यूब असूनही बास नसेल, तर स्पीकरच्या पेटीच्या आत लपलेले वूफर तपासून घ्या. ते बाहेरून दिसत नाहीत, तेव्हा ‘ठीक दिसतात’ यावर विसंबू नका.

आमचा हॉल 10 बाय 14 फूट. एवढ्यात मोठे स्पीकर शोभतील, पण वाजतील का? (डोंबिवली)

वाजतील, पण खोली त्यात आपला सूर मिसळेल. 14 फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे 40 हर्ट्झला आणि 10 फुटांमध्ये 56 हर्ट्झला आवाज फुगतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरा फुगवटा 59 च्या आसपास, म्हणजे दुसऱ्याच्या मानगुटीवरच. म्हणून बास एका सुरावर घुमतो आणि बाकीचे सूर दबतात. अशा वेळी लोक अँप्लिफायर बदलतात. आमच्या मते आधी सोफा हलवावा. मागच्या भिंतीला डोके टेकून बसू नका, तिथे बास सर्वांत जास्त साचतो. सोफा लांबीच्या एक तृतीयांशाएवढा पुढे ओढणे जमले तर फार फरक पडतो, दीड फूट जमला तरीही कळतो.

स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचे, हे ज्याच्या त्याच्या आखणीवर आहे. पोर्टवाल्या (पेटीतली हवा नळीतून बाहेर सोडणाऱ्या) बहुतेकांना मागे दोन-अडीच फूट हवेत. एआर-9 मात्र भिंतीलगत ठेवण्यासाठीच आखलेला आहे, त्याला खोलीच्या मधोमध आणणे चूक. 1946 चा क्लिपशहॉर्न तर खोलीचा कोपराच आपल्या भोंग्याचा शेवटचा भाग म्हणून वापरतो. त्याला दोन मोकळे, सारखे कोपरे लागतात, आणि आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात हमखास गॅलरीचे दार असते. तिथे तो नकोच.

टाइल्सची जमीन आणि सरकत्या काचा यांमुळे वरचे सूर कर्कश होतात. स्पीकर आणि सोफा यांच्या मधे जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर दुहेरी पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने बरेच काम होते. बास वाजताना कुठे झंकार आला तर स्पीकरवर संशय घेण्याआधी खिडकीचे ग्रिल आणि शोकेसमधल्या वाट्या-पेले तपासा.

इन्फिनिटी कापा 9 होम थिएटर रिसीव्हरवर चालेल का? (नवी मुंबई)

नाही. खालच्या बासमध्ये त्याचा रोध 1 ओहमच्याही खाली जातो, रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होईल किंवा जळेल. मागचे बटण ‘नॉर्मल’वर ठेवा, ‘एक्स्टेंडेड’वर नको. कमी रोधावर भरपूर विद्युतप्रवाह देणारा पॉवर अँपच घ्या. तो नसेल तर ही जोडी घेऊ नका.

पावसाळ्यात स्पीकर कसे जपायचे? घर दोन-तीन महिने बंद असते. (रत्नागिरी, पणजी)

पेटी बहुधा विनियर लावलेल्या चिपबोर्डची असते, आणि ओल प्रथम तळातून शिरते. फरशीला टेकू देऊ नका. पाय किंवा ग्रॅनाइटचा तुकडा देऊन इंचभर उचला आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. फरशी पुसताना भिजलेले फडके पायाशी लागते, चिपबोर्ड तिथेच फुगतो. एकदा फुगलेला कोपरा परत बसत नाही.

घर बंद करताना पोर्टच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी ताणून लावा. कुंभारीण माशी त्या नळीत मातीचे घर बांधते, पाली अंडी घालतात, आणि उंदराला आतली लोकर फार आवडते. परत आल्यावर जाळी काढायला विसरू नका, आवाज लगेच गुदमरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्पीकर गुंडाळू नका, आत दव धरते. सुती चादर पुरे. कागदी कोनवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या मऊ ब्रशने केंद्राकडून कडेकडे झाडा, पाणी किंवा स्पिरिट लावू नका. यामाहा एनएस-1000एमचे बेरिलियमचे घुमट असतील तर जाळी काढून त्यांना हात लावायचाच नाही. फुटलेल्या घुमटाची धूळ विषारी असते.

वायर किती जाड घ्यावी? (सांगली)

घरगुती वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर. 5 मीटर अंतराला जाऊन-येऊन 0.07 ओहम रोध होतो, आणि 4 ओहमच्या स्पीकरला तो नगण्य आहे. कापा 9 सारख्याला 4 चौरस मिलिमीटर घ्या.