उन्हात फोन तापतोय? सुरुवातीला एवढंच सांभाळा

घाबरू नका, फोन बहुधा बिघडलेला नाही. उन्हात स्क्रीन आपोआप जास्त उजळ होते, त्यात नकाशा किंवा व्हिडिओ शूटिंग सुरू असलं की आतली उष्णता साठतच जाते. आयफोनसाठी अ‍ॅपलने वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिली आहे. बंद गाडीत तापमान त्याच्या बरंच वर जातं.

- तापलेला फोन चार्जिंगला लावू नका. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य यानेच झपाट्याने घटतं, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं.
- गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.
- तापलाच, तर कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र कधीच नको! आत बाष्प धरतं आणि सर्किट खराब होऊ शकतं.

बॅटरी फुगलेली दिसली तर वापर लगेच थांबवा, चार्जिंगही करू नका, थेट दुरुस्ती केंद्र गाठा.