फॉकलंड बेटांचे गव्हर्नर रेक्स हंट कोण होते?
रेक्स हंट (१९२६–२०१२) हे ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक होते. युगांडातील वसाहत प्रशासनात आणि नंतर परराष्ट्र सेवेत काम केल्यावर १९८० मध्ये ते दक्षिण अटलांटिकमधील या ब्रिटिश ताब्यातील बेटांचे गव्हर्नर झाले. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाचे सैन्य उतरले, तेव्हा मोजक्या रॉयल मरीन (ब्रिटिश नौदलाच्या पायदळातील) सैनिकांचा निभाव लागणार नाही हे ओळखून त्यांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश दिला. मात्र बेटे सोडताना ते पिसांच्या टोपीसह संपूर्ण समारंभी गणवेश घालून, सरकारी वाहन असलेल्या लंडन टॅक्सीतून विमानतळाकडे निघाले. (काहींना हा थाट पोकळ वाटेल, मला तो निःशब्द निषेध वाटतो.) ब्रिटनने युद्ध करून बेटे परत मिळवताच जूनमध्ये ते परतले आणि १९८५ पर्यंत तेथेच कारभार पाहत राहिले.