हॉलला पिवळसर ऑफ-व्हाइट लावू का राखाडी झाकवाला?

तुम्ही विचारायलात की लातूरच्या घरातल्या पश्चिमेच्या हॉलला यातला कोणता लावू, शेडकार्डावर दोन्ही सारखेच दिसायलेत. कार्डावरून ठरवूच नका. दोन्हीचे छोटे डबे आणा अन पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पॅच मारा, दोन कोट, जुन्या रंगावर नको कारण खालचा रंग वर डोकावतो, आणि पूर्ण वाळू द्या, ओला अन वाळलेला रंग सारखा दिसत नसतो. मग सकाळी, दुपारी चारला अन रात्री लाईट लावून बघा.

मी तर राखाडी झाकवालाच घ्या म्हणेन. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी पिवळं-केशरी येतं, त्यात पिवळसर शेड अजूनच पिवळी पडते, आपल्याकडं एप्रिल-मेमधी तर ती भिंत बघूनच उकडल्यासारखं होतं. फक्त रात्री ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढराफेक एलईडी असेल तर हाच राखाडी झाकवाला रंग निळसर, दवाखान्यावानी दिसतो, तिथं ३००० किंवा ४००० चा बल्ब लावा.

फरशी शहाबादी असेल तर एक पॅच खाली तिच्याजवळबी मारा, करड्या फरशीशेजारी शेड वेगळीच वाटते.